सरकारी गोब्बर आणि माझ्या सात बाटल्या

पिवळा रंग ओळखण्यासाठी सरकार मला पगार देत असे. हे मी वाढवून सांगत नाही. साठ साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी बंगलोरातल्या एका लहानशा प्रयोगशाळेत तात्पुरती लागले होते. शेतात घातलेल्या खतातलं नत्र पिकाच्या मुळांना चुकवून खाली विहिरीत किती उतरतं, हे शोधायचं आमचं काम. विहिरीचं पाणी चिनीमातीच्या वाटीत आटवायचं, तळाशी राहिलेल्या पांढऱ्या डागावर जळजळीत आम्लाचे थेंब सोडायचे, मग अमोनिया घालायचा. नत्र असेल तर पिवळा रंग येई आणि जितकं नत्र जास्त तितका तो गडद. शेजारी ठरावीक मापाच्या पिवळ्या नळ्यांची रांग उभी असे. तिच्यातल्या कोणत्या नळीशी आपली नळी जुळते ते खिडकीशी धरून बघायचं आणि आकडा लिहायचा. यंत्र असं नव्हतंच, ते काम माझे डोळे करत.

चामराजपेटेत आमच्या घरी या नोकरीची फार थट्टा झाली. आई पिठल्याची कढई पुढे करून विचारायची, "हे कितव्या नंबरचं गे?" वडील शेजाऱ्यांना सांगायचे, "पोरगी सरकारी हळद तपासते." मी चिडायची. राग तेव्हा नाकावरच असायचा, आजही फार खाली उतरलेला नाही. पण काम मला छान जमत होतं. साहेब आणि मी एकच नळी वेगवेगळी बघून आपापला आकडा चिठ्ठीवर लिहायचो. चिठ्ठ्या उघडल्या की साहेब मुकाट्यानं आपला आकडा खोडून माझा लिहायचे. याचा मला इतका गर्व होता की रस्त्यानं जाताना लोकांच्या सदऱ्यांनासुद्धा मी मनात नंबर देत असे.

मग सात विहिरींचं काम निघालं. कोरमंगलाच्या पुढे एक खेडं होतं, सगळी भाजीवाल्यांची वस्ती. बीन्स, नवलकोल, कोथिंबीर पिकवायचे आणि पहाटे गाड्या भरून बाजारात न्यायचे. त्यात आमच्यासारखीच पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेली मराठी घरंही होती. गेली काही वर्षं त्या गावात पांढरं रासायनिक खत येऊ लागलं होतं. दिसायला साखरेसारखं, आणि पिकावर त्याचा परिणाम आठ दिवसांत दिसे. शेणखताला नुसतं गोब्बर म्हणत, तर याला सरकारी गोब्बर. सरकारचं म्हणून त्याला जरा मान होता. सात घरांच्या शेतातल्या सात विहिरींचं पाणी तीन महिने दर आठवड्याला तपासायचं आणि शेवटी प्रत्येक घराला निकालाचा कागद द्यायचा, असं साहेबांनी ठरवलं. कामात चूक झाली नाही तर वर्ष संपल्यावर मला कायम करायचा शब्दही त्यांनी दिला.

पहिल्याच दिवशी पहिल्याच घरी मी जिला भेटले तिच्यामुळे ही हकिगत लक्षात राहिली. त्या घरात तिघं होती. सासू, मुलगा आणि सून. सून चार-पाच महिन्यांची गरोदर होती आणि मी पोचले तेव्हा डोक्यावर एक आणि कमरेवर एक अशा घागरी घेऊन चढ चढत होती. शेतातली विहीर दाराशी, पण तिचं पाणी दोन-तीन वर्षांत खारट झालेलं. म्हणून पिण्याचं पाणी अर्ध्या मैलावरच्या मारुतीच्या देवळातल्या विहिरीवरून आणायचं, दिवसातून दोनदा. तिची आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे बाळंतपणाला जायला माहेरही नव्हतं. घागरी उतरवून तिनं घाम पुसला, माझ्या बाटल्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "अक्का, हे तपासून तुम्ही काय लिहिणार?"

"पाणी पिण्यासारखं आहे की नाही ते."

"मग आमच्या बावीचं चांगलं हाय म्हणून लिवा की. मला आता चालवत नाही."

विहिरीला ती बावी म्हणायची. मी तिला तोऱ्यात सांगितलं की मी मनात येईल ते लिहीत नसते, नळी सांगेल ते लिहिते. ती बिचारी "सरी अक्का, बरं" म्हणून आत गेली. पुढे मूल झाल्यावर पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. नळी काही चांगलं सांगो, अशी मीही मनातून इच्छा केली.

अडचण एवढीच होती की नमुना पहाटे, मोट सुरू होण्याआधी, पाणी रात्रभर स्वस्थ राहिल्यावर घ्यायचा. बस धरून आणि पुढे दीड मैल चालून मी दहाच्या आत काही पोचत नसे. म्हणून या आठवड्यात रिकाम्या बाटल्या द्यायच्या आणि पुढच्या आठवड्यात भरलेल्या उचलायच्या, अशी पद्धत बसवली. बाटली त्याच पाण्यानं तीन वेळा विसळा, बोट आत घालू नका, बूच खाली ठेवू नका, हे मी सातही घरी असं काही बजावलं की ऐकणाऱ्या बायकांना दम लागला. पहिल्या घरची सासू म्हणाली, "बाळाला न्हाऊ घालतात तशी घालू की बाटलीला, तू नको काळजी करू. सुम्ने, उगीच उन्हात का उभी? बस, कॉफी घे."

दर आठवड्याला सात स्वच्छ बाटल्या तयार असायच्या. बरोबर पिशवीभर बीन्स. मी प्रयोगशाळेत येऊन पाणी आटवायची, थेंब सोडायची, बघायची. आणि चमत्कार असा की सातही नळ्या एकाच फिक्या पिवळ्या रंगाच्या! अगदी कमी नत्र. पुढच्या आठवड्यातही तेच. एकदा मी मुद्दाम नंबर झाकून, नळ्यांची अदलाबदल करून पाहिली, तरी फरक सापडेना. मला आकाश ठेंगणं झालं. हाताला काय पण सफाई आलीय, असं माझं मलाच वाटू लागलं.

साहेब तर माझ्याही पुढे गेले. ते म्हैसूरकडचे, बोलणं कन्नडात, पण उत्साह असा की भाषा कोणतीही असली तरी कळावा. सात विहिरी आणि एकच आकडा, याचा अर्थ काय? अर्थ असा, की त्या खेड्याखाली एक अखंड तळं पसरलेलं आहे आणि सातही विहिरी त्याच तळ्यातून भरतात! त्यांनी गावाचा नकाशा काढला आणि खाली निळ्या पेन्सिलीनं तळं रंगवलं. रोज थोडं रंगवीत. महिन्याभरात ते तळं गावाची हद्द ओलांडून शेजारच्या गावाखाली शिरलं. खत कितीही घातलं तरी एवढ्या पाण्यात त्याचा पत्ता लागत नाही, असा त्यांचा लेख तयार होऊ लागला. शेवटी माझं नाव येणार होतं.

पाणी खारट आहे असं पहिल्या घरची सून सांगते आणि माझी नळी म्हणते की त्यात काही नाही, हे मला एकदाही खटकलं नाही. लोकांच्या जिभेचा काय भरवसा, असं मी म्हटलं. माझ्या डोळ्यांवर माझा जास्त विश्वास होता.

तीन महिने संपले. मी सात घरी सात कागद दिले, शिक्का मारलेले, 'पिण्यास योग्य'. पहिल्या घरी सुनेला आठवा लागला होता. मी कागद वाचून दाखवला तेव्हा ती दाराच्या चौकटीला टेकून खालीच बसली आणि रडली. "संपलं बघा अक्का माझं चालणं," म्हणाली. परतीच्या वाटेवर मीही डोळे पुसले. शास्त्राचा असा उपयोग होतो, वगैरे बरंच काही मनात आलं.

महिना-दीड महिन्यानं निरोप आला, मुलगी झाली, बारशाला यावं. मी आईची चांगली साडी नेसून गेले. सातही घरच्या बायका जमल्या होत्या. सासूनं मला मानानं पाटावर बसवलं आणि पहिली कॉफी माझ्या हातात दिली. मी घोट घेतला. कॉफी खारट होती. चमचाभर मीठ पडल्यासारखी.

"मावशी, पाणी कुठलं हे?"

"आमच्याच बावीचं!" सासू अभिमानानं म्हणाली. "तुझा कागद आला आणि देवळाचं पाणी बंदच केलं बघ."

"पण खारट लागतंय."

"लागतं स्वल्प. ते तर आधीपासनंच लागतं. पण सरकारनंच चांगलं म्हटल्यावर आपली जीभ मोठी का सरकार?"

मी पेला खाली ठेवला. "आणि मला बाटलीत भरून द्यायचात ते कुठलं पाणी?"

आता तिचाच चेहरा पडला. असं विचारणं तिला अपमानाचं वाटलं होतं. "देवळाच्या बावीचं. मग काय? एवढ्या लांबनं पोर उन्हातनं येते, घोटभर पाणी मागते, आणि आम्ही तिला खारं भरून द्यायचं? आमची काही लाज हाय की नाही? ही पोटुशी असूनसुद्धा तुझ्या बाटलीसाठी पहाटे वेगळी खेप घालायची."

"अहो, पण कागद तुमच्या विहिरीचा होता!"

"तेच तर म्हणते मी. आमची बावी चांगली निघाली."

या दोन गोष्टी तिच्या डोक्यात शेजारी शेजारी सुखानं नांदत होत्या, एकीचा दुसरीला काही उपद्रव नव्हता. मी बाकीच्या सहा बायकांकडे वळले. सहाही जणींनी मान डोलावली. देवळाचंच, अजून कुठलं? एकीनं तर ते तीन पदरी फडक्यातून गाळून दिलं होतं, कारण मी जरा नाजूक दिसते. सात घरं, सात बाटल्या, तीन महिने, आणि मी एकाच विहिरीचं पाणी तपासत बसले होते. साहेबांचं अख्खं तळं त्या मारुतीच्या देवळात होतं.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण तेवढ्यात आतून सून म्हणाली, "अक्का, माझं दूध बाळाला पुरत नाही. उद्यापासून गाईचं देणार, निम्मं पाणी घालून."

असं नत्र मुरलेलं पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात गेलं तर बाळ निळं पडतं, श्वास घेतं पण तो त्याला पुरत नाही, हे मी प्रयोगशाळेत एका परदेशी मासिकात वाचलेलं होतं. मी भर बारशात ओरडले. थेंबसुद्धा द्यायचा नाही म्हणून ओरडले. बायका पाळणा म्हणायच्या थांबल्या. सासू म्हणाली, "एवढं काय? उकळून देऊ."

"मावशी, सार जास्त उकळलं की काय होतं?"

"खारट होतं."

"तसंच होतं. पाणी उडतं, खार तेवढाच राहतो. उकळून आणखी वाईट."

हे मात्र तिला एका क्षणात पटलं. माझ्या शिक्क्यानं जे केलं नसतं ते साराच्या पातेल्यानं केलं. पण मी विहिरीकडे निघाले तशी ती आडवी आली. पाहुणीनं आमच्या घरी पाणी शेंदायचं? मी तिला बाजूला सारलं, आईची साडी खोचली, दोर सोडला आणि निम्मं पाणी अंगावर सांडत एक बादली वर काढली. लोणच्याची एक धुतलेली बरणी मागून घेतली. तीन वेळा विसळली. बोट आत घातलं नाही. बूच मात्र रागाच्या भरात खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्या पाण्यावर थेंब सोडले आणि असा रंग आला की आमच्या रांगेतली शेवटची नळीसुद्धा त्याच्यापुढे धुतल्यासारखी दिसावी. खरं सांगायचं तर पहिला क्षण मला नुसता आनंद झाला, इतका सुंदर पिवळा होता तो. मग मी नळी खाली ठेवली. हे पाणी मी त्या मुलीच्या दुधात घालायला निघाले होते, शिक्का मारून.

साहेबांना सगळं सांगितलं. कायम व्हायची गोष्ट आता संपली, हे मला दिसतच होतं. त्यांनी नकाशा पुढे ओढला. मग अगदी लहान आवाजात म्हणाले, "मग माझं तळं?"

"नाहीये, सर."

त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी टेबलावर खोडरबर आणि नवीन बाटल्या ठेवल्या. मला कायम करण्याचा कागद काही आला नाही, पुढची कैक वर्षं मी तात्पुरतीच होते. पण काढलं नाही. सातही घरी मी स्वतः दोर सोडून पाणी काढलं, जुने कागद परत घेतले आणि नवे दिले.

पहिल्या घरचा नवा कागद देणं सर्वांत जड गेलं. सून बाळंतिणीच्या खाटेवर बसलेली होती. तिच्या नवऱ्याला सगळे अण्णा म्हणत, तो दाराशी उभा होता. मी वाचलं, की पिण्यास अयोग्य, तान्ह्यास बिलकूल देऊ नये.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"वर्षं लागतील. वरून खत कमी घातलं तरी खाली मुरलेलं हळूहळूच जातं."

तिनं मुलीला उचलून मांडीवर घेतलं. बाळंतीण म्हणून तिला सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं. सासूचे गुडघे गेलेले. आणि पाणी आणणं हे बाप्यांचं काम नव्हे, हे तर सगळ्यांना ठाऊकच. मला इतका संताप आला की मी सरळ अण्णाकडे वळले. त्याला मी शेतात पाहिलेलं होतं. माझ्या दोन मुठी मावतील अशी त्याची एक मूठ, तिनं तो वाफ्यावर सरकारी गोब्बर उधळायचा आणि लगेच मोटेचं भरपूर पाणी सोडायचा, म्हणजे खत नीट आत जावं. ते आतच जात होतं. पार विहिरीत.

"अण्णा, ही बावी तुमच्या मुठीनं खारी केली," मी म्हटलं. "तेव्हा पाणी तुम्ही आणायचं."

सासूनं कानावर हात ठेवले. अण्णाचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला, "पिकाला काय उपाशी ठेवू?" मी म्हटलं, "पिकानं खाल्लं असतं तर माझ्या नळीत आलं असतं का?" मुलगी रडायला लागली. त्यानं कोपऱ्यातल्या दोन घागरी उचलल्या आणि निघाला.

सगळं गाव बघत होतं म्हणे. देवळाच्या विहिरीवर बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पहिल्या दिवशी घरी येईपर्यंत दोन्ही घागरी अर्ध्या झाल्या. डोक्यावर घेणं त्याला जमेना, म्हणून तो दोन्ही हातांत धरायचा आणि मग बोटं वळायची नाहीत. अर्धा मैल जायचं, अर्धा मैल यायचं, दिवसातून दोनदा. बाकीच्या सहा घरच्या बायकाही आपापल्या नवऱ्यांकडे जरा वेगळ्या नजरेनं बघू लागल्या.

पंधरा दिवसांनी मी गेले तर अण्णा बांधावर वाट बघत उभा. खत जपून घाला अशी सरकारी पत्रकं तीन महिने मी बाटल्यांबरोबर वाटली होती, तेव्हा यानं त्यात कोथिंबीर बांधून बाजारात नेली होती. आता म्हणाला, "अक्का, नेमकं किती घातलं तर खाली उतरत नाही?" मी नारळाची करवंटी मागितली, आत खिळ्यानं रेघ ओढली आणि सांगितलं, मूठ विसरा, एका वाफ्याला ह्या रेघेइतकं, तेही एकदम नको, तीन वेळा विभागून, आणि आधी पाणी मग खत, खत घालून मोट नाही. त्यानं तिथल्या तिथं माझ्यासमोर मोजून घातलं. पीक काही उपाशी राहिलं नाही. उलट बीन्स आधीसारखेच आले, याचं त्याला आश्चर्य वाटलं आणि मला, खरं सांगू का, त्याच्याहून जास्त.

वर्ष उलटून गेल्यावर एकदा माझी नळी थोडी फिकी आली. एका पायरीनं. पाणी अजून बाळाला द्यायच्या लायकीचं नव्हतंच, पण उतरू लागलं होतं. मी तीनदा तपासून बघितलं, साहेबांना दाखवलं, त्यांनी आपला आकडा खोडून माझा लिहिला. मी कागद पर्समध्ये घालून धावतच गेले.

सून ओट्यावर बसून मुलीला मांडीवर खेळवत होती. सव्वा महिना कधीच संपला होता. खाली चढावर अण्णा येताना दिसत होता. आता घागर चक्क डोक्यावर होती आणि दुसरी कमरेवर, आणि सांडत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर अशी निवांत मजा मी कधी पाहिली नव्हती.

"नवीन कागद आणला का अक्का?" तिनं विचारलं. मी काही बोलायच्या आत ती माझ्याकडे झुकली आणि हळूच म्हणाली, "चांगला आला असला तर एवढ्यात वाचू नका. अजून स्वल्प दिवस राहू दे."

नळी सांगेल तेच सांगायचं, असं मी त्या घरात तोऱ्यात सांगितलं होतं. मी पर्स मांडीवर घेतली, वर दोन्ही हात ठेवले आणि अण्णा वर येईपर्यंत तिच्याबरोबर बसून राहिले. तो कागद मी पुढच्या आठवड्यात वाचला.